घरच्या रेडिओत सॅटेलाइट ट्यूनर: आत बसवायचा, की मागे नुसती जागा ठेवायची?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. न्यू जर्सीत तुमची छोटी ऑडिओ कंपनी आहे. लाकडी खोक्यातला टेबल रेडिओ आणि एक स्टिरिओ ॲम्प्लिफायर, एवढंच बनवता. सिरियस एक्सएम म्हणजे अमेरिकेतली, थेट उपग्रहावरून ऐकवणारी वर्गणीची रेडिओसेवा. गिऱ्हाइकं म्हणतात, "गाडीत सिरियस एक्सएम ऐकतो, तेच घरी तुमच्या रेडिओवर का लागत नाही?" भागीदाराचं म्हणणं, सॅटेलाइटचं मॉड्यूल, म्हणजे उपग्रहाचा संकेत पकडणारा ट्यूनर, आतच बसवून टाकू, म्हणजे खोक्यावर ठळक छापता येईल. तुम्हाला मात्र धाकधूक आहे. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, "मॉड्यूल बसवणं फार अवघड असतं का?"

अजिबात नाही. बोर्डावर थोडी जागा, नीट गाळलेला वीजपुरवठा, वाहिनी बदलायला एक सिरियल जोड, पडद्यावर गाण्याचं नाव दाखवायचं सॉफ्टवेअर, की झालं. सेवा देणाऱ्या कंपनीची मान्यता मिळवण्यात या सगळ्यापेक्षा जास्त दिवस जातात. घोडं पेंड खातं ते पुढे, रेडिओ गिऱ्हाइकाच्या घरात पोचल्यावर.

मी २००४ पासून याच कामात आहे. पहिली काही वर्षं ट्यूनरच्या सर्किटवर, मग तक्रारी निस्तरायला लोकांच्या घरोघरी, आणि आता तुमच्यासारख्या छोट्या कंपन्यांना सल्ला द्यायला. खरं शिकलो ते मधल्या काळात, लोकांच्या खिडक्यांशी ॲन्टेना धरून उभं राहताना. म्हणून खाली जे लिहितोय त्यात सर्किट कमी आणि खिडक्या जास्त आहेत.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या: ही सगळी यंत्रणा गाडीसाठी आखलेली आहे. अमेरिकेत या सेवेला २३२० ते २३४५ मेगाहर्ट्झ हा पट्टा मिळाला. १९९७ मध्ये लिलाव झाला, आणि साधारण नऊ कोटी व सव्वाआठ कोटी डॉलर मोजून दोन कंपन्यांनी परवाने घेतले. त्याच पुढे एक्सएम आणि सिरियस झाल्या. एक्सएम २५ सप्टेंबर २००१ ला सुरू झालं, सिरियस २००२ मध्ये. दोघांनीही डोळ्यांपुढे ठेवला होता तो हायवेवरून शेकडो मैल जाणारा माणूस, ज्याचं एफएम स्टेशन दर तासाला हातातून निसटतं.

गाडीचं छप्पर म्हणजे उघडं आकाश. त्यावर लिंबाएवढा ॲन्टेना चिकटवला की काम झालं. मध्ये पूल आला, झाड आलं, तर त्याचीही सोय केलेली आहे: तोच कार्यक्रम दोन उपग्रहांवरून येतो, त्यातला एक सुमारे चार सेकंद उशिरा, आणि रिसीव्हर तो साठवून ठेवतो. एका उपग्रहाचा संकेत तुटला तरी दुसऱ्यावरून तोच तुकडा मिळतो, ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. मोठ्या शहरांत उंच इमारतींमध्ये जमिनीवरचे रिपीटर, म्हणजे तोच संकेत पुन्हा सोडणारे मनोरे, आहेतच. फार हुशारीने केलेलं काम आहे हे, मी आजही त्याचं कौतुक करतो.

पण गाडी चार सेकंदांत झाडाखालून बाहेर पडते. घर पडत नाही.

घरात रेडिओ कुठे असतो? स्वयंपाकघरात ओट्याच्या कडेला, पलंगाशेजारी, बेसमेंटमध्ये, पुस्तकांच्या कपाटात. यातल्या एकाही जागेवरून आकाश दिसत नाही. २.३ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी तेरा सेंटिमीटरच्या आसपास. ती एफएमसारखी भिंतीतून, जिन्यातून वळसे घेत आत येत नाही. तिला सरळ वाट लागते. म्हणजे तुम्ही गिऱ्हाइकाला रेडिओ विकत नाही आहात, खिडकीत ॲन्टेना लावायचं काम विकत आहात. तुमच्या भागात आकाशाचं गणित असं आहे: एक्सएमच्या भूस्थिर (जमिनीवरून कायम एकाच जागी दिसणाऱ्या) उपग्रहांच्या जागा ८५ आणि ११५ अंश पश्चिम रेखांशावर. न्यू जर्सीतून पहिला जवळजवळ दक्षिणेला, क्षितिजापासून चाळीसएक अंश वर दिसतो. दुसरा नैर्ऋत्येला, तीस अंशांच्याही खाली. दक्षिणेची मोकळी खिडकी असेल त्याचं भाग्य. उत्तरेकडे तोंड असलेल्या अपार्टमेंटमध्ये, जवळ रिपीटर नसेल तर, तुम्ही काहीही करा, रेडिओ मुका.

आता खिडक्यांचे दोन किस्से सांगतो. पहिला लांबचा आहे, पण त्यात मी जे शिकलो ते कुठल्याही माहितीपत्रकात सापडलं नसतं.

तेव्हा सिरियसचे उपग्रह भूस्थिर नव्हते. तीन उपग्रह लंबवर्तुळाकार कक्षेत फिरायचे. प्रत्येक जण दिवसाचे सोळा तास विषुववृत्ताच्या उत्तरेला आणि बाकीचे आठ तास दक्षिणेला. त्यामुळे कुठल्याही वेळी दोन उपग्रह चालू असायचे आणि ते आकाशात खूप उंच दिसायचे. गाडीसाठी हे एक्सएमपेक्षाही चांगलं, कारण इमारती सहसा आड येत नाहीत. २००६ च्या हिवाळ्यात एका निवृत्त गृहस्थांची तक्रार आली: रेडिओ दिवसातून तीनदा बंद पडतो, पाऊण तासाने आपोआप सुरू होतो. मी गेलो. ॲन्टेना उत्तरेच्या खिडकीत होता, पश्चिमेला शेजारची उंच इमारत, आणि त्या गावात रिपीटर नव्हता. माझ्यासमोर रेडिओ छान वाजत होता. मी मायक्रोवेव्हवर संशय घेतला, मग घर तापवायच्या भट्टीच्या मोटरवर, मग चक्क त्यांच्या फ्रिजवर. तुमच्या घरात विजेचा गोंधळ आहे, असं सांगून परत आलो.

गृहस्थ चिवट निघाले. त्यांनी वहीत नोंद ठेवली. पुढच्या खेपेला वही माझ्यापुढे ठेवली: पहिल्या दिवशी रेडिओ बंद पडल्याच्या वेळा सकाळी ६:४०, दुपारी २:४०, रात्री १०:४०. बरोबर आठ-आठ तासांचं अंतर. आणि आठवड्यानंतर? ६:१२, २:१२, १०:१२. "तुमचा फ्रिज रोज चार मिनिटं लवकर उठतो का हो?" असं त्यांनी मला विचारलं, आणि मला तिथल्या तिथे घाम फुटला.

चार मिनिटं! तारे रोज जेवढे लवकर उगवतात तेवढीच. उपग्रहांची फेरी आपल्या घड्याळाच्या चोवीस तासांची नसते, ताऱ्यांच्या दिवसाची असते, म्हणजे २३ तास ५६ मिनिटांची. तीन उपग्रह एकाच वाटेने आठ-आठ तासांच्या अंतराने जायचे. दर आठ तासांनी अशी वेळ यायची की चालू असलेले दोन्ही उपग्रह पश्चिमेकडे एकाच उंचीवर असायचे, आणि नेमके दोन्ही त्या इमारतीमागे. रेडिओत काही बिघाड नव्हता, केबलही धड होती. ॲन्टेना जिन्याच्या वरच्या झरोक्यात हलवला, तक्रार संपली. पण तोपर्यंत आमच्या कंपनीने त्यांना दोन रेडिओ बदलून दिले होते आणि दोन्ही "सदोष" शिक्का मारून कारखान्यात परत आले होते. तिथे ते उत्तम चालले, कारण कारखान्याच्या छपरावर ॲन्टेना होता.

पुढे २००९ मध्ये सिरियसने भूस्थिर उपग्रह सोडला आणि हा आठ तासांचा घोळ मिटत गेला. मग मी हा किस्सा का सांगतोय? घरातल्या सॅटेलाइट रेडिओची तक्रार तुमच्या टेबलावर कधीच दिसत नाही, म्हणून. ती गिऱ्हाइकाच्या खिडकीतच दिसते, आणि तिथे जायचा खर्च तुमचा असतो.

दुसरा किस्सा छोटा, आणि तो सर्वस्वी माझा गाढवपणा. एका घरात तीन खोल्यांत ट्यूनर होते आणि छपरावर एकच ॲन्टेना. मी हाताशी होता तो सॅटेलाइट टीव्हीचा स्प्लिटर, म्हणजे एका केबलचा संकेत अनेकांना वाटणारी डबी, लावला. सॅटेलाइट म्हणजे सॅटेलाइट, असं वाटलं. त्या स्प्लिटरवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ. आपला पट्टा २३२० पासून सुरू होतो. शिवाय ॲन्टेनाच्या पोटातल्या छोट्या ॲम्प्लिफायरला वीज याच केबलमधून जाते, आणि मी ट्यूनर नेमका वीज न जाऊ देणाऱ्या तोंडाला जोडला होता. सगळा दिवस गेला. केबलचंही तसंच. टीव्हीला वापरतात ती आरजी-६ केबल तीस मीटर ओढली तर या फ्रीक्वेन्सीला दहा डेसिबलच्या आसपास संकेत गिळते, म्हणजे दहातला एक भाग उरतो. तिच्याहून बारीक आरजी-५८ केबलचं तर विचारूच नका. गिऱ्हाईक मात्र दुकानातून मिळेल ती केबल आणणार, आणि नाव तुमचं खराब होणार.

काचेबद्दलही एक शब्द. अलीकडच्या घरांत उष्णता अडवणाऱ्या खिडक्या असतात, काचेवर धातूचा अतिशय पातळ थर असतो. डोळ्याला आरपार दिसतं, पण या लहरीला ती जवळजवळ पत्र्याची भिंत. दक्षिणेची मोठ्ठी खिडकी, समोर मोकळं आकाश, आणि संकेताची एकही रेघ नाही, असं दिसलं की मी आता आधी खिडकी उघडायला सांगतो. नव्वद टक्के वेळा तिथेच उत्तर मिळतं. मग गिऱ्हाईक विचारतं, "जानेवारीत खिडकी उघडी ठेवून रेडिओ ऐकू?" याला माझ्याकडे उत्तर नाही.

इतकं असूनही लोकांनी घरासाठी ही उपकरणं बनवली, आणि काही सुरेख बनवली. पोल्क ऑडिओने २००५ च्या सुमारास एक्सएमचा स्वतंत्र ट्यूनर काढला, ॲम्प्लिफायरच्या रांगेत शोभेल असा पूर्ण रुंदीचा. टिव्होली ऑडिओने लाकडी खोक्याच्या टेबल रेडिओत सिरियसची सोय केली, म्हणजे तुमच्याच जातकुळीचं उपकरण. पण माझ्या मते त्या काळातली सगळ्यात शहाणी कल्पना एक्सएमची, "कनेक्ट अँड प्ले" नावाची. त्यांनी अख्खा ट्यूनरच उचलून ॲन्टेनाच्या डबीत घातला. यामाहा, डेनॉन, पायोनियर अशा कंपन्यांनी आपल्या रिसीव्हरला मागे फक्त एक जोड दिला आणि खोक्यावर "एक्सएम रेडी" छापलं. ज्याला हवं तो डबी विकत घेईल, वर्गणी त्या डबीच्या नावावर. ज्याला नको त्याने रिसीव्हरसाठी एक पैसा जास्त मोजला नाही. शिवाय नाजूक संकेत लांब केबलमधून आणायचा प्रश्नच सुटला, कारण डबीतून बाहेर पडायचा तो डिजिटल डेटा. पुढे तोच ट्यूनर काड्यापेटीएवढा झाला आणि गाडीतून काढून घरात लावता येऊ लागला.

तुमच्या भागीदाराला हा मुद्दा सांगा: ज्यांच्याकडे तुमच्या शंभरपट माणसं होती त्यांनीही ट्यूनर आत बसवण्यापेक्षा जोड देणं पसंत केलं.

पण त्या जोडाचीही पुढची गोष्ट आहे. २००७ च्या फेब्रुवारीत दोन्ही कंपन्यांनी एकत्र यायचं जाहीर केलं, २००८ च्या जुलैत विलीनीकरण पूर्ण झालं. काही वर्षांनी नव्या पद्धतीचा जोड आला, आणि नवा ट्यूनर जुन्या "एक्सएम रेडी" किंवा "सिरियस रेडी" तोंडात बसेना. चांगला ॲम्प्लिफायर वीस वर्षं चालतो. अशा सेवेचा जोड पाच-सात वर्षांत बदलतो. आजही मला लोकांचे फोन येतात: "मागे एक्सएम लिहिलेलं एक भोक आहे, त्यात काय घालू?" काही नाही, साहेब. धूळ जाऊ नये म्हणून झाकण घाला.

आता आवाज. यावर मी जरा जास्त बोलेन, कारण तुमची कंपनी आवाजाच्या नावावर चालते.

सुरुवातीच्या दोन्ही यंत्रणांची पूर्ण क्षमता चार-साडेचार मेगाबिट प्रतिसेकंद एवढीच होती. एवढ्यात शंभर-दीडशे वाहिन्या बसवायच्या. भागाकार तुम्हीच करा. एका वाहिनीच्या वाट्याला सरासरी तीस-चाळीस किलोबिट येतात. संगीताला थोडे जास्त, बडबडीला कमी. सीडीला १,४११ किलोबिट लागतात. आवाज दाबून लहान करायला एक्सएमने एएसी या पद्धतीची सुधारित आवृत्ती वापरली, सिरियसने वेगळी पद्धत. दोघांनीही एवढ्याशा जागेत जे केलं ते थक्क करणारं होतं, पण आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

गाडीत हे कळत नाही. टायरचा आवाज, वारा, इंजिन यांखाली दोष झाकले जातात. तीच वाहिनी शांत खोलीत, चांगल्या स्पीकरवर लावा. झांजेचा आवाज ऐका. झांज "झन्न" म्हणून विरत जायला हवी. इथे ती पाण्यातून आल्यासारखी "श्श्ऽव" करते. टाळ्यांचा कडकडाट तळणीच्या आवाजासारखा येतो. स्वच्छ स्पीकर असतो तो हे लपवत नाही, उलट बोट ठेवून दाखवतो. मी काम करत होतो तिथे एका मोठ्या प्रदर्शनात आमच्या सर्वांत महागड्या स्पीकरवर सॅटेलाइटची जॅझ वाहिनी लावायचं ठरलं. जाहिरातवाल्यांची कल्पना. तिथे आलेल्या एका म्हाताऱ्या ध्वनिमुद्रकाने दहा सेकंद ऐकलं आणि विचारलं, "ट्वीटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) जळलाय का?" दुपारपर्यंत आम्ही गुपचूप सीडी लावली होती.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला: तुमच्या ॲम्प्लिफायरला सॅटेलाइट हे मुख्य आकर्षण म्हणून कधीही छापू नका. टेबल रेडिओत ते चालून जाईल. तिथे चार इंची स्पीकर असतो, लोक बातम्या, खेळ, गप्पा ऐकतात, आणि अपेक्षाही तशीच असते. दोन उत्पादनांसाठी उत्तर वेगळं असू शकतं, हे तुमच्या प्रश्नात कुठेच नव्हतं.

वर्गणीचं आता थोडक्यात. सॅटेलाइटची वर्गणी माणसाला नसते, ट्यूनरला असते. प्रत्येक ट्यूनरला स्वतःचा क्रमांक असतो, शून्य नंबरची वाहिनी लावली की दिसतो. गाडीची वर्गणी आहे म्हणून घरचा रेडिओ फुकट वाजत नाही. विलीनीकरणापूर्वी दोन्ही कंपन्यांची महिन्याची वर्गणी १२.९५ डॉलर होती, आणि घरातल्या दुसऱ्या रेडिओला ६.९९. आकडे पुढे बदलले, तत्त्व तेच राहिलं. सुरू करून घेतानाही रेडिओ चालू आणि आकाश दिसणारा लागतो, कारण "हा क्रमांक उघडा" हा हुकूमही उपग्रहावरूनच येतो. लोक काय करतात? डबा बेसमेंटमध्ये उघडतात, तिथूनच फोन लावतात, काही होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी रेडिओ दुकानात परत. आत ट्यूनर असलेला परत आलेला रेडिओ पुन्हा विकायचा तर आधीच्या माणसाची वर्गणी त्या क्रमांकावरून सुटली आहे ना, हेही पाहावं लागतं. तुमच्यासारख्या छोट्या कंपनीला अशी परतीची पाच टक्के भर म्हणजे वर्षाचा नफा साफ.

आणखी दोन बारीक गोष्टी. एक ट्यूनर एका वेळी एकच वाहिनी वाजवतो. तुम्ही पुढे तीन खोल्यांची यंत्रणा काढायचं म्हणत असाल तर तीन ट्यूनर, तीन वर्गण्या. दुसरं, रेकॉर्डिंगचं बटण द्यायचा मोह आवरा. एक्सएमच्या एका खिशातल्या रेडिओत गाणी साठवायची सोय होती, त्यावरून २००६ मध्ये मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी थेट दावा ठोकला होता. मोठ्यांना वकील परवडतात.

कोणी तुम्हाला असंही सुचवेल की गाडीतलाच रेडिओ घरी आणून छोट्या एफएम ट्रान्समीटरने सगळ्या घरात वाजवावा. २००६ मध्येच संघराज्याच्या दूरसंचार आयोगाने, एफसीसीने, अशा काही उपकरणांचे ट्रान्समीटर मर्यादेपेक्षा जोरात आहेत म्हणून हरकत घेतली होती आणि कंपन्यांना काही मॉडेलं थांबवावी लागली होती. त्या वाटेला जाऊ नका.

आता इंटरनेट. तुमच्या गिऱ्हाइकाला उपग्रह नको आहे. त्याला गाडीत ऐकतो ती वाहिनी, तो निवेदक, ती मॅच हवी आहे. घरात वायफाय असेल तर हेच सगळं ॲपवरून येतं, बहुधा जास्त बिटरेटने, आणि ॲन्टेना, केबल, काच, शेजारची इमारत हे सगळे प्रश्न एका फटक्यात संपतात. २००८ च्या आसपासच घरातल्या वायरलेस स्पीकरांवर सिरियसच्या इंटरनेट वाहिन्या येऊ लागल्या होत्या. सिरियस एक्सएमने डिसेंबर २०२३ मध्ये नवं ॲप आणलं तेव्हा नुसत्या ॲपची वर्गणी ९.९९ डॉलर ठेवली होती. गाडीच्या बऱ्याच वर्गण्यांत ॲप मिळतंच, गिऱ्हाइकाला माहीत नसतं एवढंच. माझ्याकडे आलेल्या किती तरी लोकांना मी काहीही न विकता ॲप उघडून दिलंय. धंद्याच्या दृष्टीने मूर्खपणा, पण तीच माणसं पुढे दुसऱ्या कामाला परत आली.

मग उपग्रहाला घरात काहीच काम नाही का? आहे. हे गिऱ्हाईक कोण यावर ठरतं. डोंगरातली केबिन, शेतावरचं घर, मासेमारीची होडी, आरव्ही (राहायची सोय असलेली मोठी गाडी), जिथे इंटरनेट नाही किंवा मोजूनमापून वापरावं लागतं, तिथे सॅटेलाइट रेडिओ म्हणजे सोबत. शिवाय अशा जागी आकाशही मोकळं असतं. एक म्हातारं जोडपं अजून दर ख्रिसमसला मला पत्र पाठवतं. त्यांच्या मोंटानातल्या केबिनच्या छपरावर मी २००७ मध्ये ॲन्टेना ठोकला होता, फक्त सहा मीटर केबल, मध्ये एकही जोड नाही. इतक्या वर्षांत ट्यूनर एकदाच बदलावा लागला. तुमच्या विक्रीत अशी माणसं किती, ते तुम्हीच सांगू शकाल. दहातली चार असतील तर माझं पुढचं सगळं उत्तर बदलेल.

ती संख्या थोडी आहे असं धरून, मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं ते सांगतो. टेबल रेडिओत वायफाय आणि ब्लूटूथ घातलं असतं, पुढच्या बाजूला आवडत्या वाहिन्यांची चार खरी, दाबली की "टक्" वाजणारी बटणं दिली असती. फोन न शोधता रेडिओ लावता येणं, हीच लोकांची अर्धी तक्रार असते. ॲप रेडिओतच चालवायचं तर सेवा देणाऱ्यांशी करार आणि मान्यता लागेल. तो जमेपर्यंत फोनवरून पाठवायची सोय पुरते. ॲम्प्लिफायरला मागे एक साधा, कुणाच्याही नावाचा नसलेला ॲनालॉग जोड, आणि शेजारी पाच व्होल्टचं यूएसबी तोंड. ज्याला उपग्रहच हवा तो त्याचा गाडीतला काढता येणारा रेडिओ घरच्या गोदीत (रेडिओ खोचून ठेवायच्या डॉकमध्ये) ठेवून तिथे जोडेल. आवाज तुमच्या ॲम्प्लिफायरमधून, वर्गणी त्याच रेडिओची, म्हणजे दुसरी भरायला नको, आणि ॲन्टेनाची जबाबदारी गोदी विकणाऱ्याची. पाच वर्षांनी जोड बदलला तरी तुमचं भोक निकामी होत नाही, तिथे रेकॉर्ड प्लेअरचा प्रीॲम्प लावता येतो. मॉड्यूल आत घालणं म्हणजे या किमतीच्या रेडिओला नाकापेक्षा मोती जड.

भागीदार तरीही ऐकत नसेल तर भांडू नका, त्याला कामाला लावा. एक काढता येणारा सॅटेलाइट रेडिओ, घरचा ॲन्टेना आणि बॅटरी घ्या. ओळखीच्या बारा गिऱ्हाइकांकडे जा. ते जिथे रेडिओ ठेवतात नेमक्या तिथे उभं राहून संकेताच्या रेघा मोजा. मग जवळच्या खिडकीत, बंद काचेतून. मग उघड्या खिडकीतून. प्रत्येक घराचे तीन आकडे वहीत, सोबत खिडकीची दिशा आणि वेळ. अर्ध्याहून जास्त घरांत बंद काचेतून नीट लागलं, तर मी माझा सल्ला मागे घेईन.

फक्त एक करा: ही फेरी फेब्रुवारीत काढलीत तर जूनमध्ये त्याच बारा घरी पुन्हा जा. फेब्रुवारीत झाडांना पानं नसतात. ओली पानं या लहरीला किती खातात ते तेव्हा दिसेल. जूनचे आकडे आले की इथेच टाका, मग त्यावरून पुढचं बोलू.